बासष्ट सेंटिमीटर

अर्जात शेवटी एक चौकोन होता:
'हे काम लोकांपर्यंत कसं नेणार?'
रात्रीचे पावणेबारा. मुदत बाराची.
मी लिहिलं, 'जत्रेत टेबल मांडून.'
त्या तीन शब्दांचे दोनशे युरो जादा मिळाले
आणि मी ते विसरून गेले.

जून, जुलै भिंगाखाली.
ऑफलीच्या दलदलीतून काढलेला
मीटरभर लांब काळा दांडा:
शेवाळावर शेवाळ, न कुजता साचलेलं,
वर्षाला एक मिलिमीटर, फार झालं तर.
त्यातले परागकण मोजायचे, काचेमागे तीनशे.
हेझल. गवत. पाइन. हेझल. हेझल.
मधेच एखादा धान्याचा,
म्हणजे कुणीतरी नांगर धरला होता.
डोळे मिटले तरी कण दिसायचे,
उशीवर, चहात, बसच्या खिडकीवर.

ऑगस्टात डॉक्टर नूला म्हणाल्या,
'सायव, तुझं ते टेबल?'

टेबल मिळालं केकच्या मांडवाला लागून,
पलीकडे मेंढ्यांची स्पर्धा.
मी भित्तिपत्रक टांगलं, चार आलेख, सहा संदर्भ.
वाऱ्याने ते दोनदा कुंपणापार नेलं
आणि एका मेंढीने संदर्भसूची चाखली.
पहिल्या तासात अकरा माणसं.
नऊ जणांना स्वच्छतागृह हवं होतं.
एक माझी मावशी.
अकरावा एक मुलगा, त्याने विचारलं,
'मोजताना शिंक आली तर?'
सहाही संदर्भांत याचं उत्तर नाही.

मग मॅलकी डूली आला.
टोपी भुवयांपर्यंत, काठी टेबलावर आडवी.
'म्हणजे तुम्हीच,' तो म्हणाला,
'आमची चूल विझवलीत ती.'
मी म्हटलं, मी दुसऱ्या वर्षाला आहे.
हे उत्तर नव्हतं, दोघांनाही कळलं.
सांगायला हवं होतं
की आमच्याही घरी तीच ढेपळं जळायची,
शाळेत माझ्या कोटाला तो वास यायचा
आणि मी कोट दाराबाहेर टांगायचे.
नाही सांगितलं.

त्याने प्लॅस्टिक सारलं
आणि मी 'नको' म्हणेपर्यंत
कागदावर अंगठा उठवावा तसा
दांड्यावर अंगठा दाबला.
'इथवर गोरा,' तो म्हणाला,
'भुर्रकन जळतो, ऊब नाही.
याच्या खाली काळा. तो रात्र काढतो.'
माझा आलेख नेमका तिथेच वळला होता.
मी त्या वळणाला 'विभाग दोन' म्हणत होते,
आणि त्यासाठी मला सात आठवडे लागले होते.

केकच्या मांडवातून फिलोमिना गेरेटी ओरडली,
'त्याला लोण्याचं सांग!'
तिच्या बापाला म्हणे कमरेइतक्या खोलीवर
लोण्याचा गोळा सापडला होता,
कुणी पुरला, कोण जाणे.
बापाने चाखला.
आईने आठवडाभर त्याला वेगळं ताट दिलं.
'तुझ्या भिंगात लोणी दिसतं का गं?'
मी नाही म्हटलं. ती म्हणाली, 'मग काय उपयोग!'
आणि मला बडीशेपेचा केक दिला.

मॅलकी हसला नाही.
काठी उचलून, मागे न बघता गेला.

सप्टेंबरात दुसरा अर्ज, दुसरा चौकोन:
'किती लोकांपर्यंत पोहोचलात?'
त्यात फक्त आकडा मावतो.
एक्केचाळीस लिहिलं, खोडून चाळीस,
मग पुन्हा एक्केचाळीस.

वहीत मात्र असं आहे:
'६२ सेंमी. नमुना दूषित. मॅलकी डूलीचा अंगठा.'
नूला म्हणाल्या, तो तुकडा टाकून दे.
मोजणीतून वगळला, नियमाप्रमाणे.
टाकला नाही.
शीतकपाटाच्या खालच्या खणात आहे.
परवा भिंगाखाली धरला:
बोटाच्या रेषा, गोल गोल,
आणि एका रेषेत अडकलेला एक कण,
बहुधा यंदाचाच, जत्रेतल्या गवताचा.
तो मी मोजला नाही.
बघत मात्र बसले, बस चुकेपर्यंत.